नळाला गरम पाणी: एका डीबीटी प्रकरणाची नोंद

मे महिन्यातल्या एका मंगळवारी, संध्याकाळी सव्वासात ते आठ या पाऊण तासात तिनं त्याला एकतीस फोन केले. बत्तिसावा लागलाच नाही, कारण तोवर त्यानं फोन बंद करून ठेवला होता. त्यानंतर तिनं स्वतःला इजा करून घेतली. जखम मोठी नव्हती, टाके पडले नाहीत. पण वर्षभरातली ही चौथी वेळ होती आणि या वेळी ती आईच्या नजरेला पडली.

मी तिची थेरपिस्ट, डीबीटी या मानसोपचार पद्धतीनं तिच्याबरोबर काम करते. तिच्या परवानगीनं हे लिहिते आहे. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे, नावही देत नाही. पंचविशी उलटलेल्या मुलीलाही आपल्याकडच्या घरांतून 'बेबी' म्हणतात, तशीच इथे ती बेबी.

घर नागपुरात, मानेवाड्याकडे. वडील वीज खात्यातून निवृत्त, आई शाळेत शिक्षिका, धाकटा भाऊ पुण्यात. बेबी मिहानमधल्या एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी ऐकायची. नऊ तास कानाला हेडफोन लावून संतापलेल्या लोकांना शांत करायचं हेच काम, आणि त्यात ती इतकी तरबेज की सर्वांत चिडलेला ग्राहक तिच्याकडे वळवायचे. "मी समजू शकते सर" हे वाक्य दिवसातून शंभरदा म्हणणारी मुलगी घरी आल्यावर ताट का भिरकावते, हे घरच्यांना कळत नव्हतं. त्यांनी काढलेला अर्थ सरळ होता: बाहेर जमतं, घरी जमत नाही, म्हणजे ही मुद्दाम करते. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महाग पडलेली चूक हीच. एका ठिकाणी जमणारी गोष्ट दुसऱ्या ठिकाणी जमेलच असं नसतं, आणि या प्रकारच्या त्रासात तर ही तफावत फार मोठी असते. बाहेरून समर्थ दिसणारं माणूस आतून मदत मागत असतं आणि ते कुणाला दिसत नाही.

मानसोपचारतज्ज्ञांनी निदान लिहिलं होतं: बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे भावना आणि नाती सतत टोकाला जात राहण्याचा त्रास. आईनं पहिल्या भेटीत ती चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, "मॅडम, म्हणजे पर्सनॅलिटीच खराब म्हणतात का हे?" शब्दच तसा आहे, त्यांचा दोष नाही. वडिलांची भीती वेगळी होती. कोराडी रस्त्याकडचं मनोरुग्णालय १८६४ पासून या शहरात आहे आणि तितक्याच काळापासून 'पागलखाना' हा शब्दही. तिथे न्यावं लागेल का, पोलीस येतील का, पुढे लग्नाचं काय, हे सगळं त्यांनी एका दमात विचारलं. पोलिसांपुरतं उत्तर सोपं होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध होत नाही तोवर, तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं, तिला शिक्षा करायची नाही. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं कलम ३०९ त्या रूपात घेतलेलंच नाही. लग्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. गोळ्यांविषयीही साफ सांगितलं: या निदानावर चालणारी अशी खास गोळी नाही, सोबत आलेली उदासी, झोप, बेचैनी यांच्यासाठी डॉक्टर जे देतील ते घ्यायचं. मूळ काम शिकण्याचं आहे.

शिकायचं काय, तर डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे डीबीटी. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मार्शा लिनेहन यांनी ती उभी केली. त्यांची पहिली मोठी तुलनात्मक चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली, सविस्तर ग्रंथ १९९३ मध्ये आला. २०११ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की १९६१ मध्ये, सतरा वर्षांच्या असताना, त्या स्वतः याच त्रासानं हार्टफर्डच्या एका मनोरुग्णालयात होत्या, दोन वर्षांहून अधिक काळ. गटात मी हे सांगते तेव्हा खुर्च्यांचा आवाज थांबतो.

लिनेहन यांची मांडणी अशी की काही माणसांच्या भावना जन्मतःच लवकर पेटतात, जास्त पेटतात आणि विझायला वेळ घेतात. अशा मुलाला घरातून सतत "त्यात काय एवढं" ऐकू येत राहिलं की दोन्ही मिळून त्रास तयार होतो. पहिले दोन मुद्दे बेबीच्या आईला लगेच पटले. तिसऱ्यासाठी, म्हणजे विझायला लागणाऱ्या वेळेसाठी, मी त्यांना त्यांच्याच गच्चीवर नेलं, म्हणजे बोलण्यातून. नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, सूर्य सातला मावळतो, पण स्लॅब रात्री दोनपर्यंत तापलेलाच असतो, खाली कूलर लावला तरी छत आग ओकत राहतं. "भांडण तर आठ वाजता संपलं, मग अकरा वाजता काऊन रडून राहिली?" या प्रश्नाचं उत्तर तेच आहे. आठ वाजता फक्त सूर्य मावळला होता.

पूर्ण डीबीटी म्हणजे चार गोष्टी: आठवड्याला एक वैयक्तिक भेट, आठवड्याला एक कौशल्यांचा गट, मधल्या काळात अडचणीच्या क्षणी फोनवर मदत, आणि थेरपिस्टांची आपसातली बैठक. मी एकटी काम करते. बैठकीची सोय म्हणून दर गुरुवारी पुण्यातल्या आणि अमरावतीतल्या दोन सहकारी मैत्रिणींबरोबर व्हिडिओवर तासभर बसते. गट शनिवारी संध्याकाळी धरमपेठेत, सहा बायका. एवढ्या भांडवलावर जे करता आलं त्याची ही नोंद आहे.

क्रम ठरलेला असतो. आधी जिवाला धोका असलेलं वागणं, मग थेरपीच मोडेल असं वागणं, मग बाकीचं आयुष्य. बेबीला पहिल्या दिवसापासून त्याच्याबद्दल बोलायचं होतं. तो वर्ध्याचा, चार वर्षांची ओळख, कधी लग्न ठरल्यात जमा, कधी आठवडाभर अबोला. मला त्या मंगळवारबद्दल बोलायचं होतं. ती वैतागली. "तो नीट वागला असता तर काही झालंच नसतं." मी म्हटलं, असेल. पण तो माझ्यासमोर बसलेला नाही, तू आहेस.

मग साखळी मांडली. डीबीटीत झालेल्या घटनेची कडी न कडी मागे जात लिहून काढतात, पोलीस पंचनामा करतात तशी, फक्त आरोप न ठेवता. आमची पहिली साखळी फळ्यावर दीड तास चालली. सुरुवातीला तिच्या मते दोनच कड्या होत्या: त्यानं झिडकारलं आणि मी इजा केली. दीड तासानंतरच्या फळ्यावर हे होतं. आदल्या रात्री वीज गेली, कूलर बंद, झोप तीन तास. सकाळी अकरानंतर पोटात काही नाही. दुपारी एका ग्राहकानं आईवरून शिवी दिली आणि तिनं "मी समजू शकते सर" म्हटलं. खापरीहून मेट्रोत उभ्यानं प्रवास, अजनी चौकात उतरून ऑटोसाठी वीस मिनिटं. सहा चाळीसला त्याला मेसेज: "रविवारी येतोस ना?" सहा बावन्नला त्याचं उत्तर: "ठीक". घरात पाय ठेवताच आई: "आज पुन्हा तोंड पाडून आली?" छातीत आवळल्यासारखं. विचार: हा सोडून जाणार. पहिला फोन.

"त्यानं झिडकारलं" असं काही फळ्यावर नव्हतं. "ठीक" होतं. जे दिसलं ते लिहायचं आणि त्यावरचा अर्थ वेगळ्या रंगानं लिहायचा, हा सजगतेचा पहिला धडा आम्ही तिथेच केला. गटातल्या एक ताई हे ऐकून म्हणाल्या, "हे तर आमच्या विहारात शिकवतात." बरोबर आहे. लिनेहन स्वतः झेन साधना करणाऱ्या, त्यांनी तिथूनच घेतलं आणि धर्माचं आवरण काढून लहान लहान तुकडे केले. पण एक फरक मी आवर्जून सांगते. इथे डोळे मिटून तासभर बसायचं नाही. भडकलेल्या माणसाला स्वतःच्या डोक्यात तासभर एकटं सोडणं म्हणजे शिक्षा आहे. दोन मिनिटं पोळी लाटायची आणि फक्त पोळी लाटायची, एवढं पुरतं.

पहिलं कौशल्य मी दिलं ते कळ काढण्याचं. भावना शंभराला पोचलेली असताना विचार करता येत नाही, तेव्हा आधी शरीर खाली आणायचं. श्वास रोखून चेहरा थंड पाण्यात पंधरा ते तीस सेकंद बुडवला की हृदयाचे ठोके मंदावतात. पाण्यात बुडी मारणाऱ्या सगळ्याच सस्तन प्राण्यांची ही सोय आहे, माणसातही शिल्लक आहे. हृदयाचा आजार, खाण्याचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचं नाही. हे सगळं मी तिला नीट समजावलं, कार्डावर लिहून दिलं आणि खूश होऊन घरी गेले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन. आवाज थरथरत होता, आणि तरी त्यात हसू होतं. "मॅडम, नळाला चहाचं पाणी येऊन राहिलं आहे."

नागपूर, मे महिना, गच्चीवरची काळी टाकी. पुस्तक सिएटलच्या हवेत लिहिलेलं आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी इथेच जन्मले, त्याच टाकीच्या पाण्यानं उन्हाळाभर होरपळले, तरी. आम्ही दोघी फोनवर हसलो आणि त्या हसण्यानंच ती वेळ निभावली. दुसऱ्या दिवसापासून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात स्टीलचं एक रुंद पातेलं भरून राहू लागलं. बर्फ घालायची हौस तिला होती, पण पाणी फार थंडगार नको, म्हणून नुसतं फ्रीजचं पाणी. वडिलांना ते पातेलं काय आहे हे महिनाभर माहीत नव्हतं. एकदा त्यांनी त्यातलं पाणी माठात ओतलं आणि घरात जे भांडण झालं ते पुढच्या आठवड्याच्या साखळीत आलं.

जुलैत थेरपी मोडायला आली होती, तेही लिहायला हवं. फोनवरच्या मदतीचा नियम असा की इजा करण्याआधी फोन करायचा, केव्हाही. झाल्यावर केला तर जिवाचा धोका नाही ना एवढं पाहायचं, पण पुढचे चोवीस तास कौशल्यांचं बोलणं नाही. माया इजेनंतरच मिळते असं शरीर शिकलं तर ते पुन्हा तेच मागतं. एका रात्री अकरा दहाला तिचा फोन आला, झाल्यानंतर. जखम केवढी आहे, अजून काही करण्याचा विचार आहे का, घरात कोण जागं आहे, हे मी विचारलं. आईला तिच्याजवळ बसवलं, जखम दाखवायला कुठे जायचं ते सांगितलं, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा चोवीस तासांचा नंबर आईच्या फोनमध्ये आहे याची खात्री केली आणि फोन ठेवला. ठेवताना ती म्हणाली, "तुम्ही पण तशाच."

पुढचे दोन आठवडे ती आली नाही. सलग चार भेटी चुकल्या तर थेरपी संपते, हा करार पहिल्याच दिवशी सही करून झालेला. गुरुवारच्या बैठकीत मी जवळजवळ रडले. अमरावतीची मैत्रीण म्हणाली, "नियम बरोबर होता. तू तो सांगितलास कसा?" घाईघाईत, पहिल्या भेटीत, सोळा नियमांमधला अकरावा म्हणून सांगितला होता. मी बेबीला तसा मेसेज केला: नियम बदलणार नाही, आणि तो तुला नीट समजावला नाही ही माझी चूक आहे. तिसऱ्या आठवड्यात ती आली. त्या मेसेजमधला 'आणि' तिनं पकडला होता. "तुम्ही 'पण' नाही लिहिलं," म्हणाली. डीबीटीतल्या 'डायलेक्टिकल' शब्दाचा अर्थ मी गटात तीन शनिवार समजावत होते: दोन उलट्या गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, तू जशी आहेस तशी ठीक आहेस आणि तुला बदलावं लागेल. तिला तो एका मेसेजमधून कळला.

स्वीकाराच्या धड्याला मात्र तिनं चांगलीच लढत दिली. "जे आहे ते आहे म्हणायचं? म्हणजे सहन करायचं ना? माझ्या आईनं तीस वर्षं तेच केलं." गटातल्या बाकीच्या पाचही जणींनी माना डोलावल्या. मला वाटतं मराठी बाईसमोर हा धडा मांडताना इथेच बहुतेकांची गाडी अडते, कारण 'सहनशील' हे आपल्याकडे बाईचं प्रशस्तिपत्र आहे. मी म्हटलं, सहन करणारा माणूस आतून रोज म्हणत असतो की असं व्हायला नको होतं. स्वीकारणारा म्हणतो, झालं आहे, आता काय करू? पावसाला शिव्या देत भिजणं वेगळं आणि पाऊस आहे हे मान्य करून छत्री उघडणं वेगळं. ती म्हणाली, "आणि छत्रीच नसेल तर?" त्याचं चांगलं उत्तर त्या दिवशी मला सुचलं नाही.

आईला खास त्यांच्याशी काम करायला म्हणून मी तिसऱ्या महिन्यात बोलावलं. पहिल्या आठवड्यात बोलवायला हवं होतं. त्या आल्या, पदर सावरून बसल्या आणि म्हणाल्या, "आम्ही किती समजूत घालतो तिची, तुम्ही विचारा. रोज घालतो."

मी विचारलं, कशी घालता?

"एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसली म्हणतो. जगात लोकांना किती दुःखं आहेत म्हणतो. तो नाही तर दुसरा मिळेल म्हणतो."

वाक्यं वाईट नाहीत, प्रेमानंच म्हटलेली आहेत. पण समजूत घालणं आणि समजून घेणं यांत आपल्या भाषेनं आधीच फरक करून ठेवला आहे. समजूत घालताना समोरच्याची भावना बाहेर काढून तिथे आपली घालायची असते. समजून घेताना फक्त आत डोकावायचं. आईंना मी एक आठवडा एवढंच काम दिलं: समजूत घालायची नाही, जे दिसतंय ते म्हणायचं आणि थांबायचं. "तुला वाईट वाटलंय." पूर्णविराम. पुढे 'पण' आला की सगळं पुसलं जातं. त्यांनी विचारलं, "म्हणजे ती म्हणते ते सगळं खरं मानायचं?" नाही. त्याच्या एका शब्दाच्या उत्तरानं जिवाला लागणं समजण्यासारखं आहे, एकतीस फोन करणं बरोबर नाही. पहिल्याला हो म्हणायचं, दुसऱ्याला म्हणायचं नाही. शाळेत गणित चुकलेल्या मुलाची रीत बरोबर असेल तर रीतीचे मार्क देतोच की आपण. हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला.

पुढच्या आठवड्यात त्यांचा अहवाल: "मंगळवारी ती दार आपटून आत गेली. मी दाराबाहेर उभी राहून म्हटलं, तुला फार राग आलाय. आणि काही बोलली नाही. मॅडम, जीभ चावून उभी होती मी." किती वेळ? "दहा मिनिटं. मग तिनं दार उघडलं आणि म्हणाली, आई, जेवायला काय आहे."

नातेसंबंधाच्या कौशल्यांत आम्ही एकच मागणी चार आठवडे घडवली. आई तिचा फोन तपासायची, ते थांबवायचं होतं. बेबीचा पहिला मसुदा असा: "तुम्हाला माझ्यावर विश्वासच नाही." मागणी त्यात नव्हतीच. शेवटचा असा: "आई, काल मी अंघोळीला गेले तेव्हा तू माझा फोन पाहिलास. मला लाज वाटली आणि राग आला. यापुढे माझा फोन पाहू नकोस. तुला काळजी वाटली तर मला थेट विचार, मी खरं सांगेन." घडलेलं, वाटलेलं, मागणं, आणि बदल्यात देणं. आईनं घासाघीस केली: इजेचा विचार मनात आला तर त्याच रात्री सांगायचं. सौदा झाला. तो आजवर दोनदा मोडला आहे, एकदा हिच्याकडून, एकदा तिच्याकडून.

निकाल विचाराल तर डायरी कार्डं माझ्यासमोर आहेत. रोज रात्री ती शून्य ते पाच असे आकडे भरते: राग, उदासी, इजेची इच्छा, वापरलेली कौशल्यं. चौदा महिन्यांतल्या शेवटच्या आठ महिन्यांत इजा एकदाही नाही. इच्छा मात्र अनेकदा चार, दोनदा पाच. उदासीचा रकाना जवळजवळ तसाच आहे, तीन, तीन, चार, तीन. यावरून मी काही दिवस स्वतःला कोसत होते. मग आठवलं की १९९१ च्या त्या चाचणीतही हेच दिसलं होतं: डीबीटी घेणाऱ्या स्त्रियांचं स्वतःला इजा करणं तुलनेनं कमी झालं, त्यातल्या बहुतेक जणी थेरपी सोडून गेल्या नाहीत, पण नैराश्य आणि निराशेच्या मापात दोन गटांत फरक नव्हता. आधी माणूस जिवंत राहतो, मग हळूहळू जगण्यासारखं काही उभं करावं लागतं. आमचं दुसरं काम आत्ता कुठे सुरू झालं आहे.

वर्ध्याचं नातं दिवाळीच्या आसपास संपलं. त्या संध्याकाळी फोन नऊ झाले. दहाव्याआधी तिनं फ्रीज उघडला.

नोकरी तिनं बदलली नाही, मात्र कामाची पाळी बदलून घेतली. गट सोडावासा वाटतो असं ती दोन शनिवार म्हणते आहे. कौशल्यांचा पूर्ण फेरा साधारण सहा महिन्यांचा असतो आणि तिचे दोन झाले आहेत, त्यामुळे तिचं म्हणणं अगदीच चूक नाही. मला वाटतं घाई होते आहे. पुढच्या महिन्यात भावाचा साखरपुडा आहे, घर पाहुण्यांनी भरणार, आणि "तुझं कधी?" विचारणाऱ्या तीन आत्या मुक्कामाला येणार. त्यांना द्यायच्या उत्तराचा दुसरा मसुदा काल झाला. अजून त्यात एक 'पण' आहे. गटाचं काय ते पोळा झाल्यावर ठरवू, असं आमच्यात ठरलं आहे.